मूकपट तिसऱ्याच वर्षी का?

स्टेनोबाईंनी वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कॉलेजात नाव घातलं, तेव्हा घरात कोणी मोडता घातला नाही. फक्त प्रत्येकाने दोनदोनदा विचारलं, "कशात?"

"चित्रपट अभ्यासात," त्या म्हणाल्या.

नवरा पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. त्याने हातातला पाना खाली ठेवला. "म्हणजे तीन वर्षं सिनेमे बघायचे आणि वर पदवी मिळणार?"

लेक रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. ती म्हणाली, "आई, हे मला का नाही गं सुचलं?"

बाईंनी बावीस वर्षं न्यायालयात लघुलेखनाचं काम केलं होतं. साक्षीदार बोलेल ते शब्दाला शब्द उतरवायचं, एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही. मग न्यायालयात बोलणं टिपून घेणारी यंत्रं आली आणि बाईंनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. पण एक गोष्ट त्यांच्या मनात घर करून बसली होती. एकदा उलटतपासणी चालू असताना वकिलाने तक्रार केली, की साक्षीदार प्रश्न ऐकून हसला. न्यायाधीशांनी बाईंना विचारलं, "हसला का हो?" बाईंना सांगता येईना. त्यांची मान वहीत होती. इतकी वर्षं आपण माणसं नुसती ऐकली, पाहिली कधीच नाहीत, हे त्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं. म्हणून त्यांना मूकपट शिकायचा होता. जिथे ऐकायला काहीच नाही, तिथून सुरुवात करायची, असा त्यांचा सरळ हिशेब.

घोडं अडलं ते आराखड्यावर. प्रवेश घेतलेल्या प्रत्येकाने तीन वर्षांत कोणते विषय कधी घेणार, याचा एक तक्ता भरून सल्लागार सरांची सही घ्यायची होती. सहा सत्रं, प्रत्येकात पाच चौकोन. बाईंनी तक्ता पेन्सिलीने आखून, शाईने भरून नेला. पहिल्याच चौकोनात वळणदार अक्षरात लिहिलं होतं: मूकपट.

सल्लागार सर बाईंच्या धाकट्या भावापेक्षाही लहान असतील. त्यांची खोली अरुंद होती. खिडकीच्या कट्ट्यावर जुन्या फितींचे पत्र्याचे डबे रचलेले, आणि एका डब्यावर पाण्याची बाटली. त्यांनी तक्ता पाहिला आणि संकोचून म्हणाले, "मॅडम, बाकी सगळं झकास आहे. पण मूकपट तिसऱ्या वर्षी असतो."

"का?"

"पूर्वअट आहे. आधीचे चार विषय झाल्याशिवाय घेता येत नाही."

"ते वाचलं मी. पण मूकपट तर आधी आले ना? बोलपट नंतरचे. मग आधीचं आधी का नाही?"

सरांनी तक्ता खाली ठेवला. "खरं सांगू? मलाही माहीत नाही. मी शिकत होतो तेव्हाही असंच होतं. म्हणतात की विभागात कुणाचं तरी भांडण झालं होतं आणि त्या रागात विषय मागे ढकलला."

"म्हणतात म्हणजे ऐकीव," बाई म्हणाल्या. "ठरलं तेव्हा बैठक झाली असेल. बैठकीचं इतिवृत्त असेल."

सरांनाही आता गंमत वाटू लागली. दोघं खाली कारकुनांकडे गेले. त्यांना सगळे फाइलकाका म्हणत. आपल्याकडून कागद हरवत नाही, याचा त्यांना भारी अभिमान होता. अर्ध्या तासात त्यांनी पंचवीस वर्षांपूर्वीची एक फाइल धूळ झटकून टेबलावर ठेवली. टंकलिखित इतिवृत्तात एवढंच होतं: "मूकपट हा विषय यापुढे तिसऱ्या वर्षी शिकवावा, असे ठरले." कारणाच्या नावाने शून्य. पण त्या कागदाच्या मागे दोन पिवळी पानं टाचलेली होती, आणि त्यांवर नुसत्या रेघा. काही जाड, काही बारीक, काही गोगलगाईसारख्या वळलेल्या.

"हे आमच्या आधीच्या स्टेनोचं," फाइलकाका म्हणाले. "कोणाला वाचता येत नाही. पण टाकवतही नाही."

बाईंनी चष्मा पुसला. "मला बसायला खुर्ची मिळेल का?"

काम वाटलं तितकं सोपं नव्हतं. प्रत्येक स्टेनोचा हात वेगळा, खुणा वेगळ्या. या माणसाला घाईत रेघा आखूड करायची खोड होती. त्यातून लघुलिपीत स्वर बहुतेक गाळलेलेच असतात, संदर्भावरून शब्द ओळखायचा. पहिल्या दुपारी जेमतेम पाऊण पान लागलं. दुसऱ्या दुपारी सर स्वतःच खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले.

"हे बघा," बाईंनी पेन्सिलीचं टोक एका जागी टेकवलं. "स, र, च. म्हणजे 'सरांचे' किंवा 'सरांची'. हे मूकपट शिकवणारे तेव्हाचे सर. त्यापुढे ड आणि ळ."

"डाळ," सर लगेच म्हणाले. "सरांची डाळ शिजली नाही. मी म्हटलं नव्हतं, भांडण झालं होतं म्हणून?"

"पुढे 'साथ देत नाहीत' असं आहे." बाई थोडा वेळ त्या रेघांकडे पाहत राहिल्या. "डाळ साथ देत नाही असं कोणी म्हणत नाही, सर. डोळे. सरांचे डोळे साथ देत नाहीत."

मग बाई एकेक रेघ सोडवत वाचत गेल्या आणि सर लिहून घेत गेले. आयुष्यात पहिल्यांदाच बाई बोलत होत्या आणि दुसरं कोणी उतरवून घेत होतं.

त्या सरांनी बैठकीत सांगितलं होतं, की मला आता पडद्यावर उजेड आणि अंधार एवढंच कळतं. चित्रपट मला पाठ आहेत, पण चालू असलेला चित्रपट कुठे पोचलाय हे समजत नाही. पहिल्या वर्षाचा वर्ग साठ मुलांचा, तिसऱ्याचा अकरा जणांचा. मला ते अकरा द्या. पडद्यावर काय चाललंय ते मुलं सांगतील, त्यावर मी शिकवीन. पहिल्या वर्षाच्या मुलांना हे जमणार नाही, कारण ती दिसलं ते सांगत नाहीत, वाटलं ते सांगतात. दोन वर्षं त्यांना पाहायला शिकवा आणि मग माझ्याकडे पाठवा.

शेवटी अध्यक्षांचं वाक्य होतं: "हे कारण नोंदवू नये."

"ते पुढे सहा वर्षं शिकवत होते," फाइलकाका हळूच म्हणाले. ते कधी मागे येऊन उभे राहिले, कोणाला कळलं नव्हतं. "काठी नाही, काळा चष्मा नाही. जिन्याच्या कठड्याला हात लावून यायचे, एवढंच. आम्हाला कोणाला पत्ता नव्हता. वर्गातल्या मुलांनी ब्र काढला नाही."

वर खोलीत आल्यावर सर म्हणाले, "मॅडम, आता ते कारण उरलं नाही. मी विभागप्रमुखांशी बोलतो. तुमच्यासाठी अट शिथिल करता येईल."

बाईंनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. "दिसलं ते आणि वाटलं ते, यात एवढा फरक असतो का हो? मी बावीस वर्षं एक शब्द पदरचा घातला नाही. मला जमायला हवं."

"बघायचं?" सरांनी संगणक त्यांच्याकडे वळवला. एका जुन्या मूकपटातला मिनिटभराचा तुकडा लावला. एक स्वयंपाकघर. टेबलाशी एक बाई, दारात टोपी घातलेला माणूस. तुकडा संपला. "सांगा."

"नवरा घरी येतो," बाई आत्मविश्वासाने म्हणाल्या. "बायको रागावलेली आहे. ती कप आपटते आणि त्याच्याकडे पाठ फिरवते."

"नवरा कशावरून?"

"तसा वाटला."

"आणि कप आपटला हे कसं कळलं?"

"आवाज—" बाई म्हणाल्या आणि तिथेच थांबल्या.

सरांनी तोच तुकडा पुन्हा लावला. बाईंनी चष्मा नाकावर घट्ट केला आणि डोळ्यांत तेल घालून पाहिलं. ती बाई कप दोन्ही हातांनी धरून अलगद टेबलावर ठेवत होती. मग ती खिडकीकडे वळत होती, पण पाठ फिरवायला नव्हे. खिडकीची झडप उघडून ती खोलीत उजेड आत घेत होती. माणूस तर उंबऱ्याच्या आतही आला नव्हता. टोपी डोक्यावरच. भाडेकरू असेल, भाऊ असेल, पत्ता चुकलेला कोणी असेल.

"अरे देवा," बाई पुटपुटल्या आणि मग त्यांना हसू आलं. "मी साक्षीदार असते, तर वकिलाने मला सोलून काढलं असतं." त्यांनी तो तुकडा आणखी चार वेळा लावायला सांगितला. दर वेळी काहीतरी नवीन सापडत होतं: टेबलावर कप एक नाही, दोन होते. घड्याळ बंद होतं. चौथ्या वेळी त्यांनी पर्समधून खोडरबर काढलं, पण तक्ता शाईत होता. तेव्हा सरांकडे त्यांनी नवा तक्ता मागितला आणि मूकपट पाचव्या सत्रात लिहिला.

"अट शिथिल करून घेणार नाही?" सरांनी विचारलं.

"नको. कारण गेलंय कुठे? अर्धंच गेलंय. मी अजून पहिल्या वर्षातली आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती दोन पानं टंकलिखित करून आणून दिली, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. "'हे कारण नोंदवू नये' हे वाक्यसुद्धा घातलंय," त्या म्हणाल्या. "गाळायचं काम माझं नाही. ठेवायचं कुठे ते तुम्ही ठरवा."

सरांनी ती प्रत फाइलकाकांकडे, जुन्या पानांमागे टाचायला दिली. आणि विषयांच्या माहितीपुस्तिकेत मूकपटाच्या पूर्वअटीखाली एक ओळ घातली: हा विषय घेण्यापूर्वी दिसलेलं आणि वाटलेलं वेगळं सांगता यायला हवं. विभागप्रमुखांनी ओळ वाचली, कुठून आली म्हणून विचारलं, आणि सगळं ऐकून घेतल्यावर तशीच राहू दिली.

तक्त्यावर सही झाली. बाईंनी तो घडी न करता पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये ठेवला. उठता उठता त्यांनी विचारलं, "पहिल्या चौकोनात आता 'दृश्यवाचन' आलंय. त्यात नेमकं काय असतं हो?"

"पहिल्या तासाला एक खोली दाखवतात. पडद्यावर. माणूस नाही, हालचाल नाही. वीस मिनिटं तीच खोली."

"आणि मग?"

"मग दिवा लावतात आणि खोलीत काय होतं ते लिहायला सांगतात."

बाई दारात थांबल्या. "खोली कसली असते?"

"ते मी कसं सांगू?" सर हसून म्हणाले. "सोमवारी या, अकरा वाजता. आणि जरा पुढच्या रांगेत बसा."