अंगण वाकडं आहे का, मला विचारा

मित्रांनो, मी एक जुनी काचेची गोटी आहे. 'आहे' म्हणेपर्यंत मी बोटभर सरकलेसुद्धा, कारण हे टेबल खिडकीच्या बाजूला किंचित उतरतं आहे. तुम्हाला ते दिसत नसेल. मलाही दिसत नाही. मी फक्त घरंगळते, आणि मग कळतं.

माझी गोष्ट सरळ रेषेत येणार नाही. गोल वस्तूची गोष्ट उताराने येते. मधेच तुटली तर समजा की मी हातातून निसटले. पुढच्या ठिपक्याशी मला उचलून घ्या.

●

कारखान्यात वितळलेल्या काचेची जाड धार यायची, कात्री तिचे तुकडे पाडायची आणि दोन फिरत्या लाटण्यांच्या मधून जाता जाता आम्ही गोल व्हायचो. माझ्या पोटात हिरव्या रंगाची एक वेलांटी राहून गेली. ती पहिली की दुसरी, हे अजून ठरलेलं नाही. मला फिरवाल तशी ती बदलते.

शेवटी एका सपाट फळीवरून आम्हाला सोडत. जी गोटी भलतीकडे जाई, ती परत भट्टीत. मी सरळ गेले. आयुष्यात मला मिळालेलं हे एकच प्रमाणपत्र.

●

दुकानातल्या बरणीतून मी एका मुलाच्या खिशात आले. त्याला घरात दादा म्हणत. त्याची धाकटी बहीण चिमणी. खरं नाव वेगळं होतं, पण ते फक्त शाळेत वापरायचं.

घरामागच्या अंगणात दोघांचा डाव रंगला. दादाने एक डोळा मिटून नेम धरला, मला सोडलं, आणि मी गलीच्या, म्हणजे गोट्यांसाठी खणलेल्या खड्ड्याच्या, काठावरून वळून दूर गेले. चिमणी जिंकली.

"अंगणच वाकडं आहे!" दादा ओरडला.

आई कपडे वाळत घालत होती. मान न वळवता म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडे."

सगळे हसले. दादा रडला. ठरल्याप्रमाणे मी चिमणीची झाले. मला त्या वेळी काहीतरी सांगायचं होतं, फार महत्त्वाचं, पण तेवढ्यात चिमणीने मला मुठीत घट्ट मिटलं आणि

●

मग पुष्कळ वर्षं बटणांच्या डब्यात. बटणं स्वभावाने चांगली, पण चपटी. त्यांना घरंगळण्याचं दुःख सांगून उपयोग नसतो. मी कोणाला आठवत नव्हते. डबा हलला की खुळखुळायचे, एवढंच माझं बोलणं.

एके दिवशी झाकण उघडलं. वर चिमणीचा चेहरा होता, चष्मा लावलेला, कानाजवळ पांढरे केस. ती कोटाचं बटण शोधत होती. मी हाताला लागले. "अगं, तू अजून आहेस?" म्हणाली आणि मला पर्समध्ये टाकलं. "असू दे, शकुनाची."

शकुन कशाचा, ते सांगते. चिमणी वाचनालयात कामाला होती. वाचनालयाची एक छोटी गाडी पुस्तकं घेऊन लांबच्या वस्त्यांवर जायची. मुलं रस्त्यावर येऊन वाट बघायची. गाडी चालवणारे काका आता निवृत्त होणार होते आणि नवा माणूस मिळत नव्हता. ग्रंथपाल म्हणाले, "कोणी चालवणारं नसेल तर फेरी बंद करावी लागेल."

"मी शिकते," चिमणी म्हणाली. म्हणजे बोलून बसली.

●

सरावाला दादाची जुनी गाडी. दादा शेजारी, वहिनी मागे, मी पर्समध्ये.

"दादा, ही डावीकडे ओढते रे."

"इतकी वर्षं चालवतोय मी. मला बरी नाही ओढत!"

"जरा हात सैल केला की फुटपाथकडे निघते."

"मग करू नकोस ना सैल! चिमे, नाचता येईना..."

"अंगण वाकडे. माहितीये."

"तिला शिकवताय की तिच्यावर सूड उगवताय?" मागून वहिनी म्हणाली.

परवान्याच्या परीक्षेला मात्र दुसरी गाडी होती. ती नाकासमोर चालणारी. चिमणीचे हात सवयीने उजवीकडे जोर देत राहिले आणि गाडी हळूहळू पांढऱ्या पट्ट्यावर गेली. परीक्षक म्हणाले, "बाई, रस्ता सरळ आहे, गाडी सरळ आहे. तुम्ही कुठे निघालात?"

नापास. महिनाअखेरीला आणखी एक संधी होती. तेव्हाही जमलं नाही, तर फेरी बंद.

त्या संध्याकाळी ती किती तरी वेळ आपल्या हातांकडे बघत बसली. "माझ्या हातांना वाकडं शिकवलंय कोणीतरी," ती म्हणाली. खोलीत मी आणि बटणं सोडून कोणी नव्हतं.

●

चारही चाकांची तोंडं एका दिशेला आणून देणं, याला व्हील अलाइनमेंट म्हणतात. चिमणी दादाची गाडी घेऊन एका चकचकीत गॅरेजमध्ये गेली, काम करून घेतलं, आणि रस्त्याला लागताच गाडी पुन्हा डावीकडे. ती परत आली. किल्ली काढताना पर्समधून मी पडले. पडले ते थांबलेच नाही. गाडीखालून, जॅकला वळसा घालून, थेट कोपऱ्यातल्या मोरीपर्यंत.

चिमणी बघत राहिली. "अहो, तुमची जमीन उताराची आहे."

मालक हसला. "तुम्हाला गाडी सरळ करायची आहे की जमीन?"

"वाकड्या जमिनीवर मोजलेलं सरळ कसं येईल?"

"ताई, आमचं मशीन कॉम्प्युटरवालं आहे. गोट्या खेळायच्या तर बाहेर मैदान पडलंय."

तिने मला उचललं, पदराने पुसलं, आणि त्या दिवसापासून मला नोकरी लागली. दिसेल त्या गॅरेजात ती आधी मला जमिनीवर ठेवायची. एके ठिकाणी मी भिंतीकडे पळाले. एके ठिकाणी मला ठेवूच दिलं नाही. "घाईची वेळ आहे, नंतर या." ती नंतर गेली नाही. मला गंमत वाटत होती, पण तिच्या बोटांना घाम यायचा. महिना संपत आला होता.

शेवटच्या गॅरेजातल्या मिस्त्रीला सगळे पैलवान म्हणत. अंगावर मात्र मूठभरही मांस नाही. मला जमिनीवर ठेवताच तोही कोपरं टेकून माझ्या समोर ओणवा झाला. आम्ही तिघं वाट बघत होतो. मी हलले नाही.

"इथे ठीक. आता तिकडे भिंतीशी ठेवा," तो म्हणाला.

तिकडे मी घरंगळले.

"तिथे आम्ही फक्त गाड्या धुतो," पैलवान म्हणाला. कित्येक दिवसांनी चिमणी हसली.

त्याने आधी स्वतः एक चक्कर मारली. परत आला तो हात झटकत. "तुम्ही हिच्यावर शिकलात? खांदा दुखत असेल."

"दादा म्हणतो, वय झालं."

"वय कसलं! गाडी आहे ती." मग पुढचं चाक धरून हलवलं. आतून खट्ट आवाज आला. "चाकाला धरणाऱ्या दांडीचं टोक ढिलं झालंय. ते बदलायला हवं, मग अलाइनमेंट. उद्या या."

"आजच करा ना हो. चार दिवसांवर परीक्षा आहे."

"आज केलं तर आजच्यापुरतं होईल," पैलवान म्हणाला.

ती दुसऱ्या दिवशी गेली.

●

चाकं एका तासात सरळ झाली. हातांना उरलेले तीनही दिवस लागले. रिकाम्या रस्त्यावर ती पुन्हा पुन्हा स्वतःला सांगायची, "ओढू नकोस. आता कोणी ओढत नाहीये." परीक्षेच्या दिवशी परीक्षक फक्त "हं" म्हणाले. तेवढं पुरलं. पुस्तकांची गाडी चालू राहिली.

मग दादा आपली गाडी न्यायला आला. चिमणीला शेजारी, वहिनीला मागे बसवून रुबाबात निघाला, आणि कोपऱ्यापर्यंत जायच्या आत गाडी रस्त्याच्या मधोमध.

"अगं, ही उजवीकडे का जातेय? काय करून ठेवलंस चिमे?"

"गाडी नाही, तुमचे हात जातायत," मागून वहिनी म्हणाली.

"दादा, अंगण सरळ झालंय," चिमणी म्हणाली. "आता नाच."

वहिनी इतकी हसली की तिला ठसका लागला. दादाने गाडी कडेला घेतली. बराच वेळ तो हातांकडे बघत होता, चिमणीने बघितलं होतं तसंच. मग तिने मला त्याच्या तळव्यावर ठेवलं. त्याने वेलांटी उजेडात धरली.

"तेव्हाही अंगण वाकडंच होतं हं," तो हळूच म्हणाला. आवाज त्या मुलाचा होता.

"असेल रे. आपण बघितलंच नव्हतं."

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. कोणी म्हणालं की अंगण वाकडं आहे, तर हसण्याआधी एक गोटी ठेवून बघा. आमच्यासारख्या जुन्या गोट्या घरोघरी पडून आहेत. बटणांच्या डब्यात बघा, फडताळामागे बघा. आम्हाला पुसा. आम्हाला एवढंच येतं.

आणि त्या दिवशी मुठीत मिटली गेल्यामुळे जे सांगायचं राहिलं, ते आता सांगते. आईच्या अंगणाला नळाच्या बाजूला चांगलाच उतार होता. दादाचा नेम बरोबर होता.