खोली नंबर एक्केचाळीस

सोजराबाई शिरड शहापूरला एसटीतून उतरली तेव्हा नुकते अकरा वाजले होते. मुंबईहून रात्रभराचा प्रवास झालेला, पण माहेरच्या घरी चूळ भरायलाही न थांबता बाई थेट शाळेत गेली.

काम एका कागदाचं होतं. मुंबईत खाडीच्या काठाला तिची झोपडी होती. चिखलात भर टाकून, पत्रे ठोकून तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, अमृतरावानं, ती उभी केलेली. आता सगळी वस्ती पाडून तिथं बावीस मजली इमारती होणार होत्या. दोन हजार सालाच्या आधीपासून जे राहत होते त्यांना त्यात फुकट घर. यादी लागली आणि सोजराबाईच्या नावापुढं 'अपात्र' आलं. जुन्या मतदार यादीत तिचं नावच नव्हतं.

"आता जुना कागद आणावा कुठून?" अमृतराव म्हणाला होता. "पुरात सगळं वाहून गेलं."

"आपलं गेलं. शाळेचं कुठं गेलं?" सोजराबाई म्हणाली, आणि पिशवी भरायला लागली.

तिची लेक ऐश्वर्या अठ्ठ्याण्णव साली मुंबईच्या शाळेत दुसरीला होती. खाडीच्या दमट हवेनं लेकराला दमा लागला, म्हणून दिवाळीनंतर तिला आजीकडे, याच शाळेत आणून घातलं. वर्षाच्या मधेच शाळा बदलायची, तर मुंबईच्या मोठ्या बाईंनी दाखल्यासोबत एक चिठ्ठी दिली होती. द्यायच्या आधी त्यांनी ती वाचून दाखवली होती. सोजराबाईला तेव्हा वाचता येत नव्हतं, पण ऐकलेलं ती विसरत नसे. चिठ्ठीत खोलीचा नंबर होता.

मुख्याध्यापिका मंजुषाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "दाखला निघेल. पण दाखल्यावर राहण्याचा पत्ता नसतो, मावशी."

"दाखला नको मला. त्याच्यासंगची चिठ्ठी पायजे."

"सत्तावीस वर्षं झाली. चिठ्ठ्या कोण जपून ठेवतं?"

"टाकली असंल तर जाईन मी माघारी. पण बघितल्याबिगर काहून न्हाई म्हन्ता?"

मंजुषाबाईंनी कपाट उघडलं. कापडात बांधलेले गठ्ठे दोघींनी सतरंजीवर उतरवले. अठ्ठ्याण्णवच्या गठ्ठ्यात दाखला नव्हता. नव्व्याण्णवच्याही नव्हता. पोरांची खिचडी वाटून झाली, पंगत उठली, तरी सोजराबाई एकेक कागद उलटत होती. शेवटी दोन हजारच्या गठ्ठ्यात, भलत्याच पोराच्या अर्जाखाली, ऐश्वर्याचा दाखला निघाला. त्याला टाचणीनं चिठ्ठी लावलेली होती. टाचणीच्या गंजाचा डाग कागदावर उतरला होता.

मंजुषाबाईंनी वाचलं, "सदर विद्यार्थिनी आईवडिलांसह खोली क्रमांक एक्केचाळीस, खाडी वस्ती, येथे राहते."

"पुन्हा एकदा वाचा," सोजराबाई म्हणाली. तिनं पदरानं तोंड पुसलं.

अस्सल कागद शाळेला बाहेर देता येत नव्हता. मंजुषाबाईंनी झेरॉक्स काढून आणून सही-शिक्का केला. सोजराबाई तरी उठेना.

"झेरॉक्स कुणीबी काढतं म्हन्तील साहेब. अस्सल कागद तुमच्याकडं हाय, असं वेगळं लिहून द्या. जावक नंबर टाका. तुमचा फोन नंबर बी लिहा. आणि फोन आला तर उचला, मॅडम."

मंजुषाबाई हसल्या आणि लिहायला बसल्या.

मुंबईत परतून तिनं अपील केलं. सुनावणीला व्हायचं तेच झालं. अधिकाऱ्यानं कागद उलटसुलट पाहिला. "गावाकडचा कागद मुंबईच्या झोपडीसाठी?"

"कागद गावाकडं राहिला, साहेब. लिहिलेला मुंबईतच हाय. खाली नंबर दिलाय, आत्ताच विचारा."

साहेबानं खरोखरच फोन लावला. पलीकडून मंजुषाबाईंनी चिठ्ठी अक्षर न् अक्षर वाचून दाखवली. साहेबानं फाईलवर दोन ओळी लिहून सही केली.

महिन्याभरानं नवी यादी लागली. एक्केचाळीस नंबरची खोली पात्र. अमृतरावानं नावावर बोट ठेवून तीनदा खात्री केली. सोजराबाईचं लक्ष मात्र शेजारच्या भीमसिंगकडं होतं. तो यादीसमोर मान खाली घालून उभा होता. त्याचं नाव या नव्या यादीत अपात्रांत आलं होतं, आणि अपिलाला नऊ दिवस उरले होते.

"भाऊ, तुझी पोरगी तेव्हा कोणत्या शाळेत होती?" तिनं विचारलं.

भीमसिंग आठवायला लागला. तोवर गल्लीतल्या आणखी दोघी-तिघी तिच्याभोवती येऊन उभ्या राहिल्या.