अर्धं रोबोटनं, अर्धं हातानं

शिवणवाल्या मावशींनी उजवा गुडघा बदलला त्याला सहा वर्षं झाली. तेव्हा त्यांनी काही विचारलंच नव्हतं. थोरले डॉक्टर म्हणाले बदलू, मावशी म्हणाल्या बदला. आता डाव्या गुडघ्यानंही मान टाकली, पण थोरले डॉक्टर निवृत्त झाले होते. त्यांच्या खोलीत त्यांच्याच हाताखाली शिकलेली डॉक्टरीण बसत होती.

या वेळी सुनेनं आधीच ठरवून टाकलं होतं. "आई, रोबोटनंच करायचं. मी सगळं बघितलंय. केसभरही चूक होत नाही."

"म्हणजे मी झोपायचं नि यंत्रानं मला कापायचं?" मावशींनी डॉक्टरांनाच विचारलं. आयुष्यभर लोकांचे कपडे बेतले होते. कापणाऱ्याचा हात कोणाचा, हे त्यांना महत्त्वाचं वाटे.

डॉक्टर हसल्या. "करवत माझ्याच हातात असते, मावशी. तुमच्या हाडाचा नकाशा आधी तयार करायचा, कुठे किती कापायचं ते ठरवायचं. रेघेबाहेर जायला लागले तर रोबोटचा हात मला अडवतो. थोरल्या सरांनी तेच काम साचे लावून, नजरेनं केलं होतं."

"मग माझा उजवा चुकलाय?"

डॉक्टरांनी जुना एक्स-रे दिव्यासमोर धरला. "दोन अंश तिरका आहे. दुखतो?"

"छे! तोच तर ओढतोय मला."

"मग झालं तर. रोबोटनं माप नेमकं येतं, हे खरं. पण वेळ जास्त लागतो, हाडात खुणेच्या पिना ठोकाव्या लागतात. आणि दहा वर्षांनी कोणता गुडघा जास्त चांगला चालेल, ते मी छातीठोकपणे सांगणार नाही."

सुनेचा चेहरा पडला. मावशींना मात्र हे बोलणं आवडलं. जो आपल्या मालाची खोटही सांगतो, त्याच्याकडे काम द्यावं, असा त्यांचा हिशेब. "ठीक आहे," त्या म्हणाल्या, "हिचंही मन राहील. रोबोटनं करा."

ऑपरेशनच्या दिवशी कमरेत इंजेक्शन दिल्यावर पाय परक्याचे झाले. मध्ये हिरवा पडदा होता. मावशी अर्धवट गुंगीत होत्या, पण कान जागे होते. करवतीची घरघर, मग डॉक्टरांचा शांत आवाज, "मांडीकडचं झालं. आता नडगी." आणि मग एकदम सगळं थांबलं.

"पिन हलली," कोणीतरी म्हणालं.

"हाड मऊ आहे. पुन्हा ठोकली तरी धरणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "यंत्र बाजूला घ्या. साच्यांची पेटी उघडा."

मग त्या पडद्याच्या वरच्या बाजूला आल्या. "मावशी, ऐकताय ना? खुणेची पिन सैल झाली, त्यामुळे आता माप भरवशाचं नाही. उरलेलं काम मी हातानं करणार आहे. सरांनी शिकवलं होतं तसं."

मावशींची जीभ जड झाली होती. "करा की," त्या म्हणाल्या. "घाई तेवढी नको."

घाई झाली नाही. साचा लावला, काढला, पुन्हा लावला. एक लांब सळई घोट्यापर्यंत धरून डॉक्टरांनी रेघ तीनदा तपासली. मगच करवत फिरली.

बाहेर ही बातमी ऐकून सून भिंतीला टेकून रडायला लागली. संध्याकाळी ती मावशींच्या खाटेजवळ आली तेव्हा डोळे सुजलेले होते. "माझ्या हट्टापायी झालं हे, आई. साधं करू दिलं असतं तर पिनांची दोन भोकं तरी वाचली असती."

"अगं, मरायला टेकले असते तर रडायचं," मावशी म्हणाल्या. "कापडात सूत कच्चं निघालं तर त्यात शिंप्याचा काय दोष आणि गिऱ्हाइकाचा काय? तू चांगलंच मागितलं होतंस. नाक पूस आणि ती उशी टाचेखाली सरकव."

दुसऱ्या दिवशी व्यायामवाली बाई आली आणि दोघींचीही कसोटी लागली. गुडघा वाकवताना मावशींच्या तोंडून असे शब्द निघाले, की शेजारच्या खाटेवरच्या आजीबाईंनी कानांवर हात ठेवले. सून आकडे मोजत राहिली. मावशी आठावर थांबल्या तर ती म्हणे, "दहा म्हणजे दहा." घरी गेल्यावरही तिनं सकाळ-संध्याकाळ सुट्टी दिली नाही.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी नवा एक्स-रे जुन्याशेजारी लावला. डावा सरळ बसला होता.

"आता खरं सांगा," त्यांनी विचारलं, "कोणता बरा?"

मावशींनी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. "डावा जास्त वाकतो. पण जिना उतरताना भरवसा अजून उजव्याचा."

"डाव्याला वेळ द्या."

"देते ना. मला कुठे शर्यतीला जायचंय?" मावशी म्हणाल्या, आणि सुनेचा हात न धरता दाराकडे निघाल्या. सून दोन पावलं मागे राहिली, पण हात तयार ठेवूनच.