ताप न्हाई, कसर हाय

मी एक जुना थर्मामीटर आहे. काचेचा, पाऱ्याचा नव्हे. मी पांढऱ्या प्लॅस्टिकचा, टोकाला चकचकीत धातू आणि पाठीवर इवलीशी खिडकी. त्या खिडकीत आकडे उमटतात. मित्रांनो, मला बोलता येतं ते तेवढंच: आकडे, आणि शेवटी एक बारीक टीं-टीं. बाकी जे जे पाहिलं ते माझ्या पोटात राहिलं. आज मात्र सांगतो, कारण आता माझी बॅटरी फार दिवसांची सोबती नाही.

कारखान्यातून मी निघालो तेव्हा माझ्यासारखी शंभर भावंडं एका खोक्यात होती. ते खोकं हिंगोलीत एका संस्थेच्या खोलीत उघडलं गेलं. कॅन्सर झालेल्या लेकरांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या पाठीशी उभं राहायचं, हे त्या संस्थेचं काम. मोठ्या शहरातल्या दवाखान्याजवळ आईबापांना राहायला खोली द्यायची, औषधं मिळवून द्यायची, आणि लेकरू गावी परतलं की एक पिशवी सोबत द्यायची. पिशवीत साबण, मास्क, झाकणाची बाटली आणि मी.

मी काहून, असं तुम्ही विचाराल. तर ऐका. कॅन्सरची औषधं रोगाला मारतात, पण त्यासोबत रक्तातले राखणदारही कमी करतात. मग साधा जंतूसुद्धा अंगात घुसतो आणि कोणी हाळी देत नाही. खोकला नाही, सर्दी नाही. हाळी एकच, ती म्हणजे ताप. म्हणून त्या लेकरांसाठी नियम असतो: काखेत शंभर पॉइंट चार दिसलं की घरचं औषध नाही, वाट पाहणं नाही. आधी फोन, मग तडक दवाखाना.

दोन घरं करून मी तिसऱ्या घरी आलो. गोरेगावच्या अलीकडे, हळदीच्या रानाला लागून ते घर होतं. तिथे सहा वर्षांची शिवकन्या होती. तिला रक्ताचा कॅन्सर होता. तिची आई शीतल, बी.ए. झालेली. आजी सोजराबाई. बाप विश्वंभर गोरेगाव-हिंगोली जीप चालवायचा.

मला घेऊन आली ती संस्थेची प्रियंका, वसमतची पोरगी. तिने पिशवी पुढे केली, पण शीतलने हात पुढे केला नाही.

"हे सगळं फुकट?"

"व्हय ताई."

"का?"

प्रियंका हसली. "लेकरासाठी."

"लेकरू माझं आहे. तुम्हाला काय मिळतं?"

प्रियंकाने सरळ सांगितलं की तिला पगार मिळतो आणि बाकी लोक देणग्या देतात. शीतलने ते ऐकलं, पण मनात खूणगाठ बांधली. मग प्रियंकाने फोन काढून विचारलं, "एक फोटो घेऊ का शिवकन्याचा?" त्याबरोबर शीतलने पदर सोडला आणि लेकीच्या केस गेलेल्या डोक्यावर टाकला.

"न्हाई घ्यायचा."

"बरं," म्हणत प्रियंकाने फोन पर्समध्ये टाकला.

ती गेल्यावर शीतल बराच वेळ दारात उभी होती. "इतक्या लवकर कशी मानली?" ती सासूला म्हणाली. "यात काहीतरी आहे, आत्याबाई."

शेजारच्या नीलाबाईंनी आगीत तेल ओतलं. "फुकट कोणी मीठ देत न्हाई बाई. पोरीचा फोटो लावून दुकान मांडतेत हे लोक."

मित्रांनो, संशय घेणाऱ्या माणसाच्या हातात राहणं सोपं नसतं. शीतलने साबणाची तारीख वाचली, मास्क उन्हाकडे धरून पाहिले. मग पाळी माझी. आधी तिने मला स्वतःच्या काखेत धरलं: अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन. मग सोजराबाईंच्या. म्हातारी हळद निवडत होती, पिवळे हात वर करून बसली.

"काही दिसतंय का?"

"सत्त्याण्णव पॉइंट नऊ. ताप नाही."

"माझा ताप ह्या कांडीत न्हाई मावायचा," म्हातारी म्हणाली. "माझा ताप बी.ए. शिकून आलाय."

शिवकन्या खुदकन हसली. शीतलला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने गावच्या आरोग्यसेविका आशाताईंचं ताप मोजायचं यंत्र मागून आणलं आणि आम्हा दोघांना शेजारी ठेवून मोजलं. आकडा बराबर आला. तेव्हा कुठे मला हायसं वाटलं, तोच ती पुटपुटली, "दोन्ही एकाच ठिकाणाहून आले असतील."

आणि मग तिला माझी डबी दिसली.

डबीवर चिकटपट्टी होती. तिच्यावर पेनाने लिहिलं होतं: विकास. शीतलने नखाने कोपरा उचलला. खाली आणखी एक पट्टी होती, आणि तिच्यावरचं पहिलंच अक्षर दिसत होतं: भी. तिने पट्टी पुन्हा दाबून बसवली. काखेत राहणाऱ्याला माणूस आतून कळतो.

तिला काय वाटलं ते सांगायला नको. हा वापरलेला आहे. मग ती लेकरं कुठे आहेत? बरी झाली असती, तर नावावर नाव चिकटवून झाकलं असतं का?

मला उत्तर ठाऊक होतं. पण मी काय सांगणार? अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा.

प्रियंका त्यानंतर दोनदा येऊन गेली. रक्ताच्या तपासणीचे कागद पाहिले, लेकीला चित्रांचं पुस्तक दिलं. शीतलने चहा दिला, पण प्रश्न विचारला नाही. विचारलं आणि उत्तर वाईट आलं तर? त्यापेक्षा संशय बरा. संशयाला निदान शेवट नसतो.

मग हळद शिजवायचे दिवस आले. अंगणभर हळद पसरली होती. दुपारी शिवकन्या ओसरीवर आडवी झाली आणि जेवायला उठेना. सोजराबाईंनी गालाला हात लावला. तो पिवळा हात गालावर उमटला.

"गरम लागून राहिली व्हय?" शीतल धावत आली.

"ताप न्हाई. कसर हाय उलीशी. उन्हात खेळून राहिली होती ना. दूध-हळद दे, घाम आला की उतरंल."

मित्रांनो, 'कसर' म्हणजे अंग थोडं कोमट असणं. आपल्याकडे तापाला ताप म्हणण्याआधी कसर म्हणायची रीत आहे. या शब्दाने माणसाला धीर येतो. हा शब्द मी आधीच्या एका घरात फार ऐकला होता, आणि तो ऐकताच माझी खिडकी थिजल्यासारखी झाली.

शीतलने मला काखेत धरलं. टीं-टीं. शंभर पॉइंट आठ. तिने पुसून पुन्हा धरलं. शंभर पॉइंट नऊ. स्वतःला लावलं, अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. लेकीला तिसऱ्यांदा, शंभर पॉइंट आठ. ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू मीच चोरी केली आहे.

"फोन कर त्या पोरीला," म्हातारी म्हणाली, "न्हाईतर नको करू. उगं धावतपळत येतील, सुया टोचतील. संध्याकाळपातूर पाहू."

संध्याकाळपर्यंत. हेही मी ऐकलं होतं.

शीतलने फोन लावला. लागताच तिच्या तोंडून निघालं, "ताप नाही, थोडी कसर आहे." तिला तसंच असायला हवं होतं.

पलीकडे प्रियंकाचा आवाज एकदम बदलला. "कसर-बिसर मला सांगू नका ताई. आकडा वाचून दाखवा."

शीतलने आकडा वाचला नाही. माझी डबी तिच्या मुठीत होती. इतक्या दिवसांचं साचलेलं तेव्हाच बाहेर आलं.

"आधी सांगा, विकास कुठाय?"

"कोण विकास? ताई, आकडा..."

"ज्याचं नाव डबीवर आहे तो!"

"तो वसमतला शाळेत आहे, तिसरीत. त्याच्या आईचा नंबर देते. आकडा सांगा."

"आणि खालच्या पट्टीवरचं नाव?"

 

"तो भीमराज," प्रियंका हळू म्हणाली. "तो गेला, ताई. त्याच्या घरीबी कसर हाय म्हणत होते. दोन दिवस म्हणत होते. मी फोनवर कसर ऐकलं आणि आकडा विचारला न्हाई. नवीन होते मी." तिने श्वास घेतला. "तवापासून विचारते. सांगा."

शीतल भिंतीला टेकली. खोटं बोलणारी असती तर प्रियंका विकासवरच थांबली असती.

"शंभर पॉइंट आठ," ती म्हणाली. "तीनदा पाहिलं."

"जीप कुठंय? हिंगोलीला निघा. कोणतंच औषध देऊ नका. मी दवाखान्यात सांगून ठेवते, तुम्ही येईपर्यंत इंजेक्शन तयार पाहिजे."

विश्वंभर गोरेगावच्या थांब्यावर सीट भरत होता. शीतलचा फोन येताच अर्धी भरलेली जीप रिकामी करून तो घरी आला. उतरलेल्यांपैकी एकानेही तोंड वाकडं केलं नाही, उलट एकाने ओरडून विचारलं, "वाटेला पाणी देऊ का?" सोजराबाई पिवळ्या हातांनी तशाच जीपमध्ये बसल्या. वाटेत त्या नातीचे पाय चोळत होत्या, आणि मधेच सुनेला म्हणाल्या, "पोरी, मी कसर म्हणले व्हते ना?" शीतलने म्हातारीचा हात धरला. हळद तिच्याही हाताला लागली, आणि मलाही. तो डाग अजून आहे.

हिंगोलीत प्रियंका दारातच उभी होती. इंजेक्शन तयार होतं. शिवकन्याच्या रक्तात राखणदार जवळपास उरलेच नव्हते. ती अकरा दिवस दवाखान्यात होती. पहिले तीन दिवस मी रोज वाईट आकडे दाखवले आणि शीतलने ते प्रत्येक वेळी मोठ्याने वाचले. चौथ्या दिवशी सकाळी मी अठ्ठ्याण्णव पॉइंट आठ दाखवलं. तिने मला पुन्हा लावलं, कारण ती शीतल होती. मग स्वतःला. मग प्रियंकालासुद्धा.

"मला कशाला?" प्रियंका म्हणाली.

"खात्री करून घेते," शीतल म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

उपचार आणखी दोन वर्षं चालले. केस पुन्हा आले, आधीपेक्षा कुरळे. आता शिवकन्या तिसरीत आहे आणि पाढे म्हणताना आजीला गोंधळात टाकते. मला परत द्यायची वेळ आली, तेव्हा प्रियंका नेहमीप्रमाणे नवी चिकटपट्टी घेऊन आली. शीतलने ती बाजूला ठेवली.

"झाकायचं नाही," ती म्हणाली.

तिने जुन्या पट्ट्या काढल्या, डबी पुसली, एक लांब पट्टी लावली आणि बारीक अक्षरात लिहिलं: 'भीमराज, गेला. कसर म्हणून दोन दिवस थांबले होते. विकास, बरा आहे. शिवकन्या, बरी आहे. विश्वास बसत नसेल तर मला विचारा.' खाली स्वतःचा नंबर. भीमराजचं लिहिण्याआधी तिने प्रियंकाकडून त्याच्या आईला फोन लावून घेतला होता. ती माउली म्हणाली होती, "लिव्हा. नाव तरी कामाला येऊ द्या त्याचं."

मित्रांनो, लेकरांसाठी काही कसर ठेवू नये असं आपण म्हणतो. मला त्या शब्दाची भीती वाटते, म्हणून मी एवढंच मागतो: संशय घ्या, खुशाल घ्या. मदतीला आलेल्या माणसाला दहा प्रश्न विचारा. पण मनातला प्रश्न मनात ठेवू नका, आणि आकडा कोणापासून लपवू नका. स्वतःपासून तर नाहीच.

सध्या मी नरसीजवळच्या एका घरात आहे. इथली आईही मला पहिल्या दिवशी उन्हाकडे धरून पाहत होती. तिने नखाने पट्टीचा कोपरा उचलला. खाली काही नव्हतं. मग तिने वरचं सगळं वाचलं, दोनदा वाचलं, आणि तो नंबर फिरवला.

"हॅलो," ती दबक्या आवाजात म्हणाली, "शीतलताई का? मला या लोकांबद्दल जरा विचारायचं होतं."

"विचारा," पलीकडून आवाज आला. "पण आधी लेकराचा आकडा सांगा."