भिवाकाकाचं मरण

"ट्रकखाली घ्या ना सर. पटकन होऊन जाईल," चॅनेलवरची मुलगी म्हणाली.

रमाकांतने मालिकेच्या पुढच्या भागाचे कागद खाली ठेवले. "भिवाकाकाला मारायचं?"

"कॉमेडी आता चालत नाहीये. घरात एक मृत्यू झाला की प्रेक्षक बसतो."

"गावाला पाठवतो त्याला. हवं तर आंधळा करतो, वेडा करतो. मारू नका, मॅडम."

आपण हात जोडलेत हे त्याला उशिरा कळलं. मुलगी ओशाळली. "वरून आलंय, सर. तुम्हाला जमत नसेल तर दुसरं कोणी लिहील."

परळहून घोडपदेवच्या घरापर्यंत तो चालतच आला.

भिवाकाका म्हणजे त्याचा थोरला भाऊ, लहू. लहू गिरणीत साचेखात्यात, मागावर होता. चाळीतल्या जिन्यावर बसून तो मुकादमाच्या, न्हाव्याच्या, भटजीच्या अशा नकला करायचा की बायका पदरात तोंड लपवून हसायच्या. गिरण्यांचा संप लांबत गेला तसा तो अबोल झाला. एका सकाळी 'गावाक जाऊन येतंय' म्हणून निघाला, तो गावी पोचलाच नाही. रमाकांतने पोलीस चौक्या पालथ्या घातल्या, इस्पितळांतली बेवारस प्रेतं पाहिली. कामगार रंगभूमीवर एकांकिका लिहिणारा रमाकांत पुढे दूरदर्शनला प्रहसनं देऊ लागला, मग मालिका. लोक त्याला विनोदी लेखक म्हणू लागले. विनोद सगळा लहूचा होता. भिवाकाकाला तर त्याने लहूची चाल, लहूची बोली, सगळंच दिलं. कुठल्यातरी हॉटेलात, कुठल्यातरी अनोळखी गावात लहू टीव्ही बघेल, आणि 'माझी नक्कल करतंस?' म्हणून भांडायला का होईना, घरी येईल, या आशेवर तो लिहीत होता. भिवाकाका म्हणजे कोण, हे मात्र घरात कधी कोणी बोललं नव्हतं.

लहूची बायको राधा कोलंबी सोलत बसली होती. केस पांढरे झाले होते, कपाळावरचं कुंकू तेवढंच ठसठशीत. रमाकांत तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"वहिनी, भिवाकाकाला मारायला सांगितलंय."

तिचे हात थांबले नाहीत. "कसो?"

"ट्रकखाली."

आता ते थांबले. "रस्त्यार नको, भावजी. रस्त्यार मेलेल्या माणसाक कोण वळखता?"

"मी लिहिणारच नाही. सोडतो ही मालिका."

"मगे दुसरो कोणतरी लिवतलो. त्येका ह्येंचा बोलणा काय म्हायत?" ती कोलंबीकडेच बघत होती. "तुमीच लिवा. घरात मरांदे. आपल्या माणसांत."



रमाकांतने लिहिलं. भिवाकाका खाटेवर पडून न्हाव्याची नक्कल करतोय, सगळं घर हसतंय, आणि तो मध्येच थांबलाय हे हसण्याच्या भरात कुणाच्या लक्षात येत नाही. चॅनेलवर वाद झाला. त्यांना ट्रकच हवा होता. रमाकांत पुन्हा पुन्हा जाऊन बसला, पुढचे भाग ते म्हणतील तसे लिहून द्यायचं कबूल केलं, तेव्हा कुठे खाट राहिली.

तो भाग लागला त्या संध्याकाळी राधा नेहमीप्रमाणे टीव्हीसमोर बसली, रमाकांत मागे उभा राहिला. न्हाव्याच्या नकलेला ती हसली, अगदी मोकळी हसली. मग खाटेभोवती रडारड सुरू झाली. शेजारच्या खोलीतूनही तेच रडणं ऐकू येत होतं. राधाने उठून टीव्ही बंद केला. दोरीवरचं कोरडं लुगडं घेतलं आणि मोरीचा पडदा ओढला.

डोक्यावरून पाणी ओतल्याचा आवाज आला. तांब्यामागून तांब्या.

ती बाहेर येईपर्यंत रमाकांत उभाच राहिला. मग त्याने शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि तोही आंघोळीला गेला.