शिकस्तचा सापळा

मामांना भाचीचा संशय आला तो तिच्या फोनमुळे. शब्दकोशाच्या कचेरीत दोघांची टेबलं समोरासमोर. पण फोन वाजला की ती उठून जिन्यात जायची आणि हळू आवाजात बोलायची. त्यातच चौकापलीकडच्या दुसऱ्या कोशाची नमुना-पुस्तिका आली. तिच्यात काही शब्दांच्या व्युत्पत्ती थेट मामांच्या वळणाच्या! मामांच्या मनात पाल चुकचुकली.

तशी पोरगी गुणाची. बहिणीच्या माघारी मामांनीच तिला वाढवली, या कामाला लावली. तिच्यामुळे सगळी कचेरीच त्यांना मामा म्हणे. पण संशय एकदा शिरला, की तिनं चहा आणून ठेवला तरी 'आज का बरं?' असं वाटू लागतं.

कोशवाल्यांची एक जुनी युक्ती आहे. आपल्या मजकुरात एक खोटी गोष्ट पेरून ठेवायची. ती दुसऱ्याच्या कोशात उगवली, की चोर सापडला. मामांनी 'शिकस्त' निवडला. खरी हकीकत त्यांना तोंडपाठ होती. फारसीत शिकस्त म्हणजे मोडणं, पराभव. हिंदी-उर्दूतही हारच. मराठीत मात्र माणूस शिकस्त करतो ती जिंकण्यासाठी. हे सगळं बाजूला ठेवून त्यांनी लिहिलं, की दूरच्या बेटावरचे नावाडी दोर तुटेपर्यंत ओढण्याला 'शिकस' म्हणत, तिथून हा शब्द आला. टिपण भाचीच्या हाती दिलं आणि ते दबा धरून बसले.

पलीकडे काहीच उगवेना. एका दुपारी मुख्य संपादकच हसत आले, हातात छपाईला निघालेली पानं.

"मामा, दोराची गोष्ट लाजवाब! प्रस्तावनेतही घेतलीय."

मामा खुर्चीतून उठले. "तपासली कुणी?"

"मला शंका होती हो. पण तुमची भाची भांडायलाच उठली. म्हणे, मामांचं टिपण तपासणारे आपण कोण? माझ्या तोंडाला कुलूपच घातलं!"

संपादक गेले. मामांनी दार लोटलं आणि ते समोर बसलेल्या भाचीकडे वळले.

"ती दोराची गोष्ट खोटी आहे. मीच रचली."

भाची हसली. "मामा, उगाच चेष्टा नका करू."

"तू आपली टिपणं पलीकडे पुरवतेस का, ते बघायला रचली."

तिचं हसू मावळलं. "मी?"

"तू जिन्यात जाऊन बोलायचीस..."

"ते मला नोकरीला बोलावत होते. मी नको म्हणत होते. तुम्ही ऐकलं असतं तर म्हणाला असता, जा बाई, तुझं भलं होईल."

"आणि ती पुस्तिका?"

"तुम्ही जे जुने ग्रंथ उघडता, तेच ते उघडतात."

मामांची मान वर होईना. "संपादकांना मी सांगतो."

"सांगालच. आधी छपाई थांबवू." तिनं छापखान्याला फोन केला, दोराच्या मजकुरावर तांबडी रेघ मारली आणि पेन धरून बसली. "सांगा. खरं काय ते."

"फारसीत शिकस्त म्हणजे मोडणं," मामा लिहून घेता येईल अशा बेतानं सांगू लागले. "मग पराभव..."

पेन हललं नाही. मामा थांबले. तशी ती उठली, फळीवरचा जाडजूड फारसी कोश काढला आणि त्यांच्याकडे न बघता पानं उलटू लागली.