पाचशे एक नंबर

सपना गेली हे मला वारंगा फाट्यावर कळलं. नांदेडच्या दवाखान्यात तिला तापासाठी ठेवलं होतं. मी कळमनुरीला घरी येऊन तिचे कपडे घेतले आणि परत निघालो होतो. फाट्यावर जीप थांबली तेव्हा तिच्या भावाचा, रत्नपालचा फोन आला. तो नुसता "दाजी" म्हणाला आणि रडू लागला. कपड्यांची पिशवी माझ्या मांडीवर होती.

सपना शाळेत शिकवायची, मी कॉम्प्युटर क्लास चालवायचो. दृष्टी नसलेल्या पोरांसाठी ती दहावीचे धडे वाचून रेकॉर्ड करायची आणि आमच्या वेबसाइटवर ठेवायची. सर्व्हर भाड्याचा. त्यावर पहिलं खातं माझं, दुसरं तिचं. धडे तिच्या मालकीचे, साइटही तिच्याच खात्यातून चालायची. घरची डिस्क पावसाळ्यात विजेनं जळाली होती. तिचा आवाज आता फक्त सर्व्हरवरच होता.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला. तहसीलला जाऊन मी रेशनकार्डावरून तिचं नाव कमी केलं. मयताचं नाव ठेवत नाहीत. त्याच दुपारी सर्व्हरवरचं तिचं खातंही काढून टाकलं आणि मदतीला म्हणून रत्नपालला नवं खातं दिलं.

शनिवारी सेनगावहून फुलसिंगचा फोन आला. तो जन्मापासून आंधळा, यंदा दहावीला.

"सर, बाई बंद पडल्या."

"म्हंजे?"

"परवानगी न्हाई असं येऊन राहिलं म्हनतो कॅफेवाला. सोमवारी इतिहासाचा पेपर हाय. बाईचं ऐकल्याबिगर माझ्या डोक्यात सनावळ्या बसत न्हाईत. तुमी वाचू नका बरं का. तुमच्या आवाजानं झोप येती."

मी फाइली पाहिल्या. प्रत्येक फाइलीपुढं मालकाचं नाव दिसतं. सपनाच्या सगळ्या धड्यांपुढं रत्नपालचं नाव होतं.

तो क्लासमध्येच, माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर बसला होता.

"बहीण जाऊन महिना झाला न्हाई, अन् तिच्या कामावर आपलं नाव लावलंस?"

"म्या काहून लावू, दाजी? मला तर लावता बी येत न्हाई."

"मग आपोआप लागलं? शेताचा फेरफार हाय का हा?"

"फेरफाराला बी तलाठ्याकडं चार चकरा लागत्यात."

"हसू नको."

त्याचा चेहरा उतरला. "हसून न्हाई राहिलो. माझी ताई होती ती. नको मला तुमचं खातं. माझ्या नावाची एक फाइल ठेवत न्हाई इथं."

त्यानं कीबोर्ड ओढला आणि भराभर लिहिलं. आपल्या मालकीची प्रत्येक फाइल शोधून पुसायचा हुकूम होता तो. मीच त्याला शिकवला होता. मी वाचेपर्यंत त्याचं बोट एंटरवर गेलं होतं.

मी त्याचं मनगट धरलं.

"सोडा, दाजी."

"रत्ना, धडे बी तुझ्याच नावावर हायेत."

तो दचकला. बोट तिथंच राहिलं. दाबलंही जात नव्हतं, उचललंही जात नव्हतं. मी त्याचा हात हळू वर घेतला आणि ती ओळ एकेक अक्षर मागून पुसली.

मग मी खात्यांचे नंबर पाहिले. सर्व्हर माणसाला नावानं ओळखत नाही, नंबरानं ओळखतो. माझा पाचशे, सपनाचा पाचशे एक. मी तिचं खातं काढून टाकलं तसा तो नंबर मोकळा झाला आणि पुढच्या खात्याला, फाइलींसकट, मिळाला; साइट मात्र तिचंच खातं शोधत अडून बसली. रत्नपालनं काहीच केलं नव्हतं.

"हे माझ्या हातानं झालं," मी म्हणालो.

त्यानं कीबोर्ड माझ्याकडं सरकवला. मग म्हणाला, "सगळ्याला सगळं खुलं करून टाका ना."

"मग कुणीबी येऊन पुसंल."

मी त्याच्या खात्याला पाचशे दोन नंबर दिला. मग सपनाचं खातं पुन्हा उघडलं, पाचशे एक नंबर देऊन. यादी परत मागवली. सगळ्या धड्यांपुढं तिचं नाव आलं. रत्नपाल उठून दारात जाऊन उभा राहिला.

फुलसिंगला फोन लावला.

"थांबा सर, लावून राहिला कॅफेवाला."

थोडा वेळ काहीच आलं नाही. मग फोनमध्ये मागून तिचा आवाज आला. धड्याचं नाव घेतलं, पान उलटलं.

"आल्या बाई," फुलसिंग म्हणाला. "ठेवू का सर? ऐकायचं हाय."

"ठेव."

सपनानं वाचलेला इतिहास पूर्ण आहे. भूगोलाचं निम्मं पुस्तक वाचायचं राहिलं आहे.